दोन-सतरा

कलीपाच्या गळ्यात डबी आली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्याच दिवशी सकाळी आठला डबी म्हणाली, "रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ झाली." कलीपाने गोळी सव्वासातलाच घेतली होती, वर चहासुद्धा झाला होता. तिने मान खाली घालून डबीकडे बघितलं आणि म्हणाली, "उशिरा उठतेस गं तू."

डबी काडेपेटीएवढी, करड्या रंगाची. आत एका बाईचा आवाज भरलेला, शहरी किर्गिझ बोलणारा, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. काम झालं की हिरवं बटण दाबायचं, मग ती गप्प बसायची. विसरायला लागलेल्या माणसांना अशी डबी उपयोगी पडते का, हे राजधानीतल्या, बिश्केकच्या कुठल्याशा संस्थेला सहा आठवडे तपासून बघायचं होतं. त्यासाठी कोचकोर गावातली नऊ म्हातारी माणसं निवडली होती, सात बायका आणि दोन पुरुष. तपासणीला येणारी मुलगी होती आयतुर्गन, बिश्केकचीच, पायात पांढरे बूट घालून कोचकोरच्या चिखलात फिरणारी.

कलीपाला या डबीचा राग यायला कारण होतं. ती एकतीस वर्षं कोचकोरच्या टेलिफोन ऑफिसात होती. सगळा तालुका तिच्या दहा बोटांत होता. कुणाला कुणाशी बोलायचंय हे सांगावं लागायचंच नाही, पहाटे सहाला जनावरांचा डॉक्टर बोलला की ही त्याला थेट घोड्यांच्या तबेल्याशी जोडून द्यायची. शाळेच्या मुख्याध्यापकाला परीक्षेच्या दिवशी उठवायची ती, आणि सामूहिक शेतीच्या चेअरमनला बायकोचा वाढदिवस आठवून द्यायची तीच. आता ही डबी तिला सांगणार की कलीपा, दार लाव. कानामागून आली आणि तिखट झाली.

पण खोटं का बोला, कलीपा विसरायला लागली होती. जानेवारीत बटाटे चुलीवर ठेवून ती गोठ्यात गेली आणि पातेलं जळून काळं झालं. तार्गिल गाईला दोनदा पिळायला बसली, तेव्हा तिने शेपटीने तोंडावर फटकारलं. आणि फेब्रुवारीत बाजाराच्या कोपऱ्यावर तिला घराकडे कुठून वळायचं तेच कळेना. कुणाला संशय येऊ नये म्हणून ती कांदे घेत राहिली. शेजारची सेयिल्कान तिथे आली तोवर सात किलो कांदे झाले होते. सेयिल्कानने अर्धे कांदे स्वतःच्या पिशवीत घेतले आणि ती पुढे चालू लागली. पण गावात एवढे कांदे लपतात थोडेच! बातमी बिश्केकला पोचली.

कलीपाचा मुलगा झानिश बिश्केकमध्ये नवव्या मजल्यावर राहत होता. तो येऊन म्हणाला, "आपा, आता आमच्याकडे चल." इकडे आईला आपा म्हणतात, आणि दुसऱ्यांच्या आईलाही.

"तुमच्याकडे गाय कुठे बांधायची?"

"गाय विकायची."

"आणि मी? बाल्कनीत?"

तीन दिवस भांडण चाललं. शेवटी आयतुर्गनची तपासणी आली आणि दोघांनी ती पंच म्हणून मानली. सहा आठवड्यांनी डबी शंभरपैकी गुण देणार होती. ऐंशी पडले तर कलीपा आपल्या घरात, आपल्या गाईजवळ राहणार. कमी पडले तर नववा मजला. कलीपाने हातावर हात मारून कबूल केलं. ऐंशी म्हणजे काय मोठंसं, तिला वाटलं, मला तर अजून तालुक्याचे नंबर पाठ आहेत.

पहिले चार दिवस झकास गेले. गोळी घेतली, बटण दाबलं. चूल विझवली, बटण दाबलं. एकदा तर चूल खरंच राहिली होती आणि डबीने सांगितलं म्हणून कळलं. तेव्हा कलीपाने नाइलाजाने तिला शाबासकीही दिली.

पाचव्या दिवशी सकाळी सेयिल्कान आणि आणखी दोघी चहाला आल्या होत्या. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, पसरले होते, साय काढली होती, कलीपा वाडग्यांत चहा ओतत होती. अकरा वाजले आणि डबी बोलली, "आजपासून रोज एक प्रश्न. आपल्या माणसांची आठवण ताजी ठेवू या. कलीपा आपा, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

चौघींचे हात जागच्या जागी थांबले.

कोचकोरमध्ये सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावांचंही घेत नाही. ते वारले म्हणून नाव मोकळं होत नाही. कलीपा सासऱ्यांना 'थोरले' म्हणायची आणि मोठ्या दिरांना 'पांढऱ्या घोड्यावरचे', आणि त्यावाचून तिचं बावन्न वर्षांत काही अडलं नव्हतं. कुणी परक्याने नाव विचारलंच तर शेजारच्या पोराला पुढे करायचं, ते सांगतं. पण डबी कुणाचं ऐकणार?

"पुन्हा विचारते," डबी म्हणाली. मग तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाली, "हरकत नाही. आपण मिळून आठवू या. तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे..." आणि हजेरी घ्यावी तसं ते नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, खणखणीत म्हणून दाखवलं.

ते नाव इथेही लिहायला नको.

सुनेच्या छातीवरून, सासऱ्यांच्या घरात, तीन बायकांसमोर. कलीपाच्या कानांतून धूर निघायचा बाकी राहिला. तिने गळ्यातून डबी ओढली, पिठाच्या पेटीचं झाकण उघडलं आणि ती कोपरापर्यंत हात घालून आत खुपसली.

"आता पोळ्या करताना जपून," सेयिल्कान म्हणाली. "नाहीतर तुझे सासरे भाजले जातील."

त्या दिवसापासून कलीपाने रुमालाच्या टोकाला गाठ मारायला सुरुवात केली. सकाळी उठलं की डोक्याला रुमाल बांधायचा आणि टोकाला गाठ. गाठ बोटाला लागली की आठवायचं, अकराच्या आत डबी पिठात. हे ती एकदाही विसरली नाही. विसरायची ती डबी परत बाहेर काढायला. मग दुपारची गोळी, गाईचं पाणी, दार, चूल, सगळं डबी पिठाला सांगत बसायची. पिठाने कधी बटण दाबलं नाही. गोळी कलीपा बहुतेक वेळा घ्यायची, पण ते डबीला कसं कळावं?

तिसऱ्या आठवड्यात आयतुर्गन आली. तिने बूट दाराबाहेर काढले, चहाचा वाडगा घेतला आणि हातातल्या पाटीसारख्या यंत्रावर रंगीत रेघा दाखवल्या. सेयिल्कान आपली डबी घेऊन तिथेच बसली होती, कारण ती पण त्या सातांतली एक.

"आपा, तुमचे चोपन्न झालेत," आयतुर्गन हळूच म्हणाली. "पहिल्या चार दिवसांत शहाण्णव होते. नंतर काय झालं?"

"नंतर तुझी डबी चावट झाली."

"गोळ्यांचे गुण गेलेत, पण खरा घोळ प्रश्नाचा आहे. त्याला निम्मे गुण आहेत. चुकलं की डबी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारते, बरोबर येईपर्यंत. तुम्ही अजून पहिल्याच प्रश्नावर आहात." तिने यंत्र बाजूला ठेवलं. "वाईट वाटून घेऊ नका. सातही बायकांचं तसंच आहे. दोन्ही आजोबांनी मात्र सगळी नावं सांगितली. मी तर अहवालात लिहायला घेतलंय, की बायकांची नात्यागोत्याची आठवण पुरुषांच्या आधी जाते."

सेयिल्कानच्या घशात बोरसोक अडकला. ती इतकी हसली, की कलीपाला तिच्या पाठीत धपाटे घालावे लागले.

"लिही, लिही," डोळे पुसत सेयिल्कान म्हणाली. "आणि असंही लिही, की आमच्या गावातल्या घोड्यांना कुराण येत नाही."

"काय झालं? मी काय चुकीचं बोलले?"

"पोरी, तुझं लग्न झालंय?" कलीपाने विचारलं.

"नाही."

"तुझी आई तुझ्या आजोबांना काय म्हणते? बापाच्या बापाला?"

"नावानेच... म्हणजे नाव आणि वडिलांचं नाव. रशियन पद्धतीने. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात." एवढं बोलून आयतुर्गन थांबली. एका वाडग्यावरून दुसऱ्या वाडग्यावर तिची नजर फिरली आणि तिचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्हाला येतं. तुम्ही म्हणत नाही."

"शहाणी आहेस," कलीपा म्हणाली. "चहा घे, गार होतोय."

मुलगी प्रामाणिक निघाली. तिने तिथे बसूनच संस्थेला पत्र लिहिलं, की प्रश्न बदला. उत्तर दोन दिवसांत आलं. तपासणी मध्यावर आहे, मध्ये काही बदलता येणार नाही, आणि या बायकांना एकदा नाव घ्यायला समजावून सांगावं, फक्त एक शब्द आहे. आयतुर्गनने ते वाचून दाखवलं तेव्हा ती कुणाच्याच डोळ्यांत बघत नव्हती.

झानिशचा फोन त्याच संध्याकाळी आला.

"आपा, म्हण की एकदा. तिथे कोण ऐकतंय? आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली."

"त्या डबीत नाव कुणी भरलं?"

"मीच. त्यांनी अर्ज दिला होता, घरच्यांची नावं भरा म्हणून. मला काय ठाऊक ते असं विचारतील."

"भरलंस ते भरलंस. तू नातू आहेस, तुला मोकळीक आहे. मला नाही."

"एका शब्दासाठी घर घालवशील?"

"घर कोण घालवतंय? मी की तू?"

तो म्हणाला, "बाजारात तासभर उभी राहिलीस तू. थंडीत. मला झोप लागत नाही, आपा." कलीपाने फोन ठेवला आणि रागाने गोठ्यात जाऊन तार्गिलला दुसऱ्यांदा वैरण घातली.

राग फक्त मुलाचा नव्हता. एक शब्द म्हणे! कलीपा नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा टेलिफोन ऑफिसात जागा निघाली होती. घरातली सगळी मोठी माणसं म्हणाली, सुनेचा आवाज दिवसभर परक्या पुरुषांच्या कानात जाणार, हे शोभत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यांनी घोडा काढला, सुनेला मागे बसवलं आणि सगळ्या गावादेखत ऑफिसच्या दारात उतरवलं. त्यानंतर ते जिवंत होते तोवर रोज सकाळी तबेल्यातून त्यांचा फोन यायचा. दिवा लागायचा दोन-सतराचा, तबेल्याच्या नंबराचा. ही कानाला लावायची, ते विचारायचे, "येतोय का आवाज, पोरी?" ही म्हणायची, "येतोय." की ते ठेवून द्यायचे. बाकी काम काही नसायचं. त्या माणसाला ती आयुष्यात दुसरं काय देऊ शकली होती? एवढंच, की त्यांचं नाव तिने कधी जिभेवर आणलं नाही. हे तिला कुणी करायला लावलं नव्हतं, निदान पहिल्या वर्षानंतर तरी नाही. ते तिचं स्वतःचं होतं, आणि बिश्केकमधल्या कुणा माणसाने 'फक्त एक शब्द' म्हटल्याने ते सोडायला ती तयार नव्हती.

जूनच्या शेवटच्या शनिवारी झानिश आला. गाडीमागे गाय न्यायला रिकामा ट्रेलर होता, आत गवत पसरलेलं. कलीपाने ट्रेलर बघितला आणि चहा ठेवला. आयतुर्गन आली, सेयिल्कानही, अकरापर्यंत चौघं दस्तरखानाभोवती बसली. डबी कलीपाच्या गळ्यात होती. आज ती पिठात घालायची नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून सकाळी गाठच मारली नव्हती.

"आता किती आहेत?" झानिशने विचारलं.

"सत्तेचाळीस," आयतुर्गन म्हणाली. "आज उत्तर दिलं तर मागचं सगळं भरून निघतं. ऐंशीच्या वर जातात. संस्थेने तसा नियम ठेवलाय."

"ऐकलंस, आपा?"

"बहिरी नाही मी."

अकरा वाजले. "कलीपा आपा," डबी म्हणाली, "तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

"दोन-सतरा," कलीपा म्हणाली.

"पुन्हा विचारते. तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

"दोन-सतरा, घोड्यांचा तबेला. चहात मीठ जास्त लागायचं. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून फोन उजव्याला धरायचे. बर्फ लवकर पडला त्या वर्षी ऑक्टोबरात गेले, गुरुवारी. त्यांच्या मयताला येणाऱ्या सगळ्या गावांना मी फोन लावले, एकोणीस गावं, एकाचाही नंबर बघावा लागला नाही." ती मुलाकडे वळली. "झानिश, मी विसरते. बटाटे विसरले, गाय विसरले, बाजारातला रस्ता विसरले. घाबरले होते मी त्या दिवशी, म्हणून कांदे घेत राहिले. हे सगळं लिही म्हणावं या पोरीला, तिच्या यंत्रात. चूल आठवून द्यायला ही डबी मला हवी आहे, मी नाही म्हणत नाही. पण जे मी जपलंय त्याला विसरलं म्हणायचं नाही. ते मी खपवून घेणार नाही, मग त्यासाठी नववा मजला दाखव नाहीतर नव्वदावा."

सेयिल्कानने मान हलवली. आयतुर्गन खाली बघत होती.

एवढं बोलून झाल्यावर कलीपाने मनातल्या मनात त्या नावाकडे वळून पाहिलं. बावन्न वर्षं ती असंच करत आली होती. ओठांवर न आणता फक्त बघायचं, जागेवर आहे ना, आणि परत फिरायचं. नावाच्या पेटीला कुलूप होतं तसंच होतं. आत काही नव्हतं.

तिने पुन्हा बघितलं. उजवा कान दिसला, घोडा दिसला, टेलिफोनचा दिवा दिसला. नाव नव्हतं. किती दिवसांपासून नव्हतं कोण जाणे, ती रोज त्यावर पीठ टाकत होती. बाजाराच्या कोपऱ्यावर घराचं वळण नव्हतं, तसंच.

"हरकत नाही," डबी म्हणाली. "आपण मिळून आठवू या. तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे..."

बोल, कलीपाला वाटलं. बोल एकदाची.

झानिश झटकन पुढे झाला आणि त्याने आईच्या गळ्यातली डबी दोन्ही मुठींत घट्ट दाबून धरली. आतून नुसता गुणगुणाट आला, माशी अडकल्यासारखा. तो थांबेपर्यंत त्याने मूठ सोडली नाही. त्याचा चेहरा अगदी तिच्याजवळ आला होता आणि डोळे ओले होते.

"नको," तो म्हणाला. "तुझ्यासमोर नको. चुकलं माझं, आपा."

कलीपाने ओठ मिटून घेतले. आता विचारता आलं असतं. मुलाला एकदा सांगितलं असतं, की तूच म्हण रे, मला ऐकायचंय, तर त्याने लगेच म्हटलं असतं. आणि लगेच ट्रेलरचं दारही उघडलं असतं. ती ताठ बसून राहिली.

"सत्तेचाळीसच राहिले," आयतुर्गन म्हणाली.

"राहू देत," झानिश म्हणाला. त्याने नाक पुसलं. "तू इथेच राहा. पण डबी गळ्यात पाहिजे, आणि सेयिल्कान आपा, तुम्ही संध्याकाळी एक चक्कर टाकायची."

"पस्तीस वर्षं टाकतेच आहे," सेयिल्कान म्हणाली. "मला कधी कुणी ट्रेलर आणून विचारलं नाही."

जाताना आयतुर्गनने दारात कलीपाचे हात धरले. अहवालातलं ते वाक्य तिने खोडलं होतं, आणि तिथे काय लिहायचं तेही तिने ठरवलं होतं, संस्था रागावली तरी. "सोमवारी येऊन मी तो प्रश्न काढून टाकते, आपा. तपासणी संपली, आता मला कुणी अडवू शकत नाही. उद्याचा एकच दिवस सोसा."

"सोसते," कलीपा म्हणाली.

रविवारी सकाळी झानिश रिकामा ट्रेलर खडखडवत बिश्केकला गेला. कलीपाने गाय सोडली, गोळी घेतली, बटण दाबलं. मग पेटीतला पांढरा रुमाल काढला, सणावाराचा, आणि तो नीट बांधला. टोकाला गाठ मारली नाही. दाराला आतून कडी घातली. डबी गळ्यातून काढून तिने घराच्या मानाच्या जागी, दाराच्या समोरच्या भिंतीपाशी, घडी घातलेल्या रजयांवर ठेवली. थोरले तिथेच बसायचे.

अकरा वाजता डबीने विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. कलीपा हात छातीशी जोडून उभी होती, सून उभी राहते तशी.

"हरकत नाही," डबी म्हणाली. आणि तिने नाव घेतलं.

कलीपा खाली वाकली. गुडघे दुखत होते तरी पूर्ण वाकली, नवी नवरी म्हणून याच खोलीत पहिल्यांदा वाकली होती तितकी. नाव कानात शिरलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसलं. किती दिवस बसेल ते तिला माहीत नव्हतं, आणि हे ती जगात कुणालाही सांगणार नव्हती.

"येतोय," ती म्हणाली, "येतोय आवाज." आणि पुढे होऊन तिने हिरवं बटण दाबलं.